एका तारखेची ओळख : २९ ऑगस्ट

प्रास्ताविक

सकाळचे वर्तमानपत्र उघडले की एखाद्या कोपऱ्यात 'दिनविशेष' हे छोटेसे सदर दिसते. आकाशवाणीवरही ते ऐकू येते. पुष्कळ शाळांच्या दर्शनी भागातील फळ्यावर एखादा विद्यार्थी ते रोज खडूने लिहितो. अमुक साली अमुक व्यक्तीचा जन्म, तमुक साली तमुक विक्रम, अशा त्याच्या चार-पाच ओळी असतात. वाचणारा त्यांवरून नजर फिरवतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. प्रस्तुत पाठात क्रीडाक्षेत्रातील एका तारखेच्या अशा काही ओळी घेतल्या आहेत आणि त्या ओळींमागे काय दडले आहे ते पाहिले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला २९ ऑगस्ट या दिवसाशी निगडित असलेल्या खेळाडूंची माहिती स्वतःच्या शब्दांत सांगता येईल. नोंदलेली घटना आणि आख्यायिका यांतील फरक ओळखता येईल. 'दिनविशेष' या लेखनप्रकाराची भाषा समजेल आणि आपल्या परिसरातील एखाद्या खेळाडूविषयी तसे लेखन करता येईल.

मूळ पाठ

एखाद्या फळ्यावर २९ ऑगस्टचे दिनविशेष पुढीलप्रमाणे लिहिलेले असू शकते :

१८८२ : ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाचा इंग्लंडवर सात धावांनी विजय.
१९०५ : हॉकीपटू ध्यानचंद यांचा जन्म.
२०१२ : लंडन येथे पॅरालिंपिक स्पर्धांचे उद्घाटन.
२०१८ : स्वप्ना बर्मन यांना आशियाई क्रीडा स्पर्धेत हेप्टॅथलॉनचे सुवर्णपदक.
२०२१ : टोकियो पॅरालिंपिकमध्ये भाविना पटेल व निषाद कुमार यांना रौप्यपदके.

या पाच ओळी वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही. त्या एकाच दिवसाच्या खाली आल्या हा निव्वळ योगायोग आहे. त्यात ग्रहताऱ्यांचा काही हात शोधण्याचे कारण नाही. मात्र कोणती ओळ फळ्यावर चढते आणि कोणती चढत नाही, हा योगायोग नसतो. ते माणसे ठरवतात. कधी ते लगेच ठरते, तर कधी त्याला कित्येक वर्षे लागतात.

यांतील सर्वांत जुनी ओळ याचे चांगले उदाहरण आहे. लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला जिंकण्यासाठी केवळ ८५ धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात इंग्लंडचे नामवंत खेळाडू डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी खेळपट्टी ठोकण्यासाठी रेषेबाहेर आलेल्या एका तरुण फलंदाजाला धावबाद केले होते. नियमाला धरून असले तरी हे वर्तन ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंना फार झोंबले. त्यांचा वेगवान गोलंदाज फ्रेड स्पॉफर्थ याने त्वेषाने गोलंदाजी करीत त्या डावात सात गडी बाद केले आणि इंग्लंडचा संघ ७७ धावांत आटोपला. चार दिवसांनी एका लंडनच्या नियतकालिकाने इंग्लिश क्रिकेटची थट्टेखोर मृत्युवार्ता छापली. क्रिकेटचे दहन होईल आणि रक्षा ऑस्ट्रेलियाला नेली जाईल, असे तीत म्हटले होते. 'अ‍ॅशेस' म्हणजे रक्षा, हे नाव तेथून आले आणि या दोन देशांमधील कसोटी मालिकेला कायमचे चिकटले. सामन्यापेक्षा एक विनोदच तारखेला अधिक उपकारक ठरला, असे म्हणायला हरकत नाही.

फळ्यावरची दुसरी ओळ मात्र इतक्या सहजासहजी चढलेली नाही.

शिपाई ध्यानसिंग

२९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबाद येथे, म्हणजे आजच्या प्रयागराजमध्ये, ध्यानसिंग नावाचा मुलगा जन्मला. वडील सैन्यात होते. त्यांच्या सततच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण सहाव्या इयत्तेपुढे गेले नाही. कुटुंब पुढे झाशीला स्थायिक झाले. लहानपणी त्याला कुस्तीची थोडीफार आवड होती; हॉकीचे वेड वगैरे काही नव्हते. थोर खेळाडूंच्या चरित्रांत पाळण्यातच पाय दिसल्याच्या कथा असतात. येथे तसे काही आढळत नाही, हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे.

१९२२ मध्ये हा मुलगा साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती झाला. तेथे सुभेदार मेजर बाले तिवारी यांनी त्याच्या हाती हॉकीची स्टिक दिली आणि खेळाची गोडी लावली. दिवसा लष्करी कामे असत. म्हणून तो रात्री, चंद्र उगवल्यावर, मैदानात उतरून सराव करी. त्यावरून सोबती त्याला 'चंद' म्हणू लागले आणि ध्यानसिंगचे ध्यानचंद झाले, असे सांगितले जाते.

१९२६ मध्ये भारतीय सैन्याचा हॉकी संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. त्यात ध्यानचंद होते. संघाने २१ सामने खेळले, त्यांपैकी १८ जिंकले, दोन बरोबरीत सुटले आणि फक्त एक हरला. परतल्यावर शिपाई ध्यानचंद यांना लान्स नाईक ही पहिली बढती मिळाली.

दोन वर्षांनी भारताचा हॉकी संघ प्रथमच ऑलिंपिकला निघाला. मुंबईत असताना या संघाला तेथील स्थानिक संघाने सराव सामन्यात पराभूत केले. त्यामुळे बोट सुटण्याच्या दिवशी बंदरावर गर्दी असण्याचा प्रश्नच नव्हता. निरोप द्यायला अवघी तीन माणसे आली होती. याच संघाने अ‍ॅमस्टरडॅम येथे पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही गोल स्वतःवर होऊ दिला नाही. २६ मे १९२८ रोजी अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सचा ३-० असा पराभव झाला. २९ गोलांपैकी १४ एकट्या ध्यानचंद यांचे होते. संघ मुंबईला परतला तेव्हा त्याच बंदरावर लोक दाटीवाटीने उभे होते.

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले. ध्यानचंद यांचे धाकटे बंधू रूपसिंग यांनी या सामन्यात दहा, तर ध्यानचंद यांनी आठ गोल केले. हा आकडा पाठांतराच्या पुस्तकांत हमखास असतो. तो वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की त्या वर्षी हॉकीत भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ उतरले होते, आणि अमेरिकेचा संघ नवखा होता. ध्यानचंद यांची योग्यता जोखायची तर त्याहून कठीण परीक्षा चार वर्षांनी बर्लिनमध्ये झाली.

पाठगत प्रश्न १

(अ) ध्यानचंद यांचे शालेय शिक्षण अपुरे राहण्याचे कारण कोणते?
(आ) १९२८ मध्ये संघ मुंबईहून निघताना आणि परतताना बंदरावर कोणते चित्र होते?

बर्लिन, १९३६

या वेळी ध्यानचंद कर्णधार होते. स्पर्धेपूर्वी १७ जुलै रोजी जर्मनीविरुद्ध झालेल्या सराव सामन्यात भारत ४-१ असा हरला. हा पराभव साऱ्या संघाच्या जिव्हारी लागला. खेळाडूंच्या फळीत उणीव होती; ती भरून काढण्यासाठी दारा या खेळाडूला भारतातून विमानाने बोलावून घेण्यात आले. तो उपांत्य सामन्याच्या वेळेपर्यंत पोहोचला. भारताने हंगेरी, अमेरिका, जपान आणि फ्रान्स यांना एकही गोल न स्वीकारता हरवले. अंतिम सामन्यात पुन्हा समोर जर्मनीच होता.

सामना १४ ऑगस्टला व्हायचा होता. पावसाने मैदान भिजल्याने तो दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्ट १९३६ रोजी, खेळला गेला. सामन्यापूर्वी खेळाडूंच्या खोलीत संघाचे सहायक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा ध्वज काढला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केले. अधिकृतपणे हा संघ ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानचा होता आणि कर्णधार ब्रिटिशांच्या सैन्यात नोकरी करीत होता. त्यामुळे बंद दाराआडच्या या वंदनाला वेगळे मोल आहे. बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. तारखांचे योगायोग असेही असतात.

मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला होता. ओल्या मैदानावर पाय घसरत होते. उत्तरार्धात ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले आणि खेळाची गती वाढवली. सामना संपला तेव्हा फलकावर ८-१ असे आकडे होते. जर्मनीचा तो एक गोल हा संपूर्ण स्पर्धेत भारतावर झालेला एकमेव गोल होय.

येथे वाचकाने थोडे थांबावे. या सामन्यात ध्यानचंद यांचे गोल किती? काही ठिकाणी तीन, तर काही ठिकाणी सहा असे उत्तर मिळते. हा सामना हजारो प्रेक्षकांसमोर, जगभरच्या बातमीदारांच्या उपस्थितीत खेळला गेला, आणि तरीही लिखित साधनांत एवढी तफावत आहे. मग ज्या गोष्टींचे लेखी पुरावेच नाहीत त्यांविषयी किती सावध असावे लागेल? हिटलरने ध्यानचंद यांना जर्मन सैन्यात मोठे पद देऊ केले आणि त्यांनी ते बाणेदारपणे नाकारले, ही कथा भारतात घरोघर सांगितली जाते. चेंडू स्टिकला चिकटून राहतो म्हणून आत लोहचुंबक आहे की काय, हे पाहण्यासाठी नेदरलँड्समध्ये त्यांची स्टिक मोडून पाहिली गेली, अशीही कथा आहे. या दोन्ही कथांना विश्वसनीय आधार सापडत नाही. त्या टाकून द्याव्यात असे नाही. लोकांना हा खेळाडू किती अद्भुत वाटत होता आणि पारतंत्र्यातील समाजाला कोणत्या प्रकारच्या स्वाभिमानाची भूक होती, हे या कथांतून कळते. परंतु फळ्यावर लिहिताना त्यांच्या शेवटी 'अशी आख्यायिका आहे' एवढे शब्द जोडणे आवश्यक आहे.

सन्मान आणि उतारवय

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक स्पर्धा झाली नाही. ध्यानचंद यांच्या ऐन अनुभवाची वर्षे त्यात गेली. १९५२ मध्ये 'गोल' हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. १९५६ मध्ये ते मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले. शिपाई म्हणून भरती झालेल्या, सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाने मिळवलेला हा हुद्दा होता. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी प्रशिक्षक म्हणून काम केले.

त्यांचे पुत्र अशोककुमार यांनी १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक गोल केला. हा आनंद फार टिकला नाही. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर घसरला. मातीच्या आणि गवताच्या मैदानांवर घडलेले कौशल्य नव्या, वेगवान पृष्ठभागावर अपुरे पडू लागले होते. तसे मैदान अंथरणे तेव्हा आपल्या देशात फार खर्चाचे होते.

उतारवयात ध्यानचंद यांना आर्थिक ओढाताण सोसावी लागली. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सामान्य कक्षात त्यांचे निधन झाले. झाशीत, ज्या मैदानावर ते खेळत असत तेथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यानंतर टपाल तिकीट आले. दिल्लीच्या राष्ट्रीय क्रीडागाराला त्यांचे नाव मिळाले. २९ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन राष्ट्रीय क्रीडा दिन ठरला. २०२१ मध्ये देशातील सर्वोच्च क्रीडा पुरस्कार 'मेजर ध्यानचंद खेलरत्न' झाला. भारतरत्न हा सन्मान २०१४ मध्ये प्रथमच एका खेळाडूला, सचिन तेंडुलकर यांना, देण्यात आला. त्या सुमारास ध्यानचंद यांनाही तो मरणोत्तर मिळावा अशी मागणी अनेकांनी केली होती. सन्मानांची ही यादी मोठी आहे. तिच्यातील बहुतेक नोंदींवरची वर्षे १९७९ नंतरची आहेत, हेही वाचकाच्या नजरेतून सुटू नये.

पाठगत प्रश्न २

(अ) १९३६ चा अंतिम सामना एक दिवस पुढे का ढकलण्यात आला?
(आ) 'सन्मानांच्या यादीतील बहुतेक वर्षे १९७९ नंतरची आहेत' या वाक्यातून काय सूचित होते?

त्याच तारखेला, जकार्तामध्ये

राष्ट्रीय क्रीडा दिन ठरल्यानंतर या दिवशी सभा, भाषणे, धावण्याच्या शर्यती होऊ लागल्या. अनेक वर्षे राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारही याच दिवशी राष्ट्रपतींच्या हस्ते दिले गेले. २०१९ मध्ये 'फिट इंडिया' चळवळीचा आरंभ याच दिवशी झाला. परंतु समारंभाने साजरी झालेली तारीख आणि मैदानावर कमावलेली तारीख यांत फरक आहे. २०१८ मध्ये ही तारीख इंडोनेशियातील जकार्ता येथे कमावली गेली.

हेप्टॅथलॉन हा सात क्रीडाप्रकारांचा मिळून एक प्रकार आहे. पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि २०० मीटर धावणे. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि शेवटी ८०० मीटर धावणे. प्रत्येक प्रकाराला गुण असतात आणि त्यांची बेरीज केली जाते. एखाद्या प्रकारात निष्णात असणे येथे पुरत नाही. वेग, ताकद, लवचीकता आणि दम हे सारे एकाच शरीरात लागते.

स्वप्ना बर्मन या पश्चिम बंगालमधील जलपायगुडीजवळच्या एका गावातील. वडील सायकलरिक्षा ओढीत. पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले. आई चहाच्या मळ्यात मजुरी करी. स्वप्नांच्या दोन्ही पायांना जन्मतः सहा-सहा बोटे आहेत. बाजारातले बूट पाच बोटांच्या पायांसाठी बनवलेले असतात. अशा बुटांत रुंद पाऊल कोंबून अडथळे ओलांडायचे, उडीनंतर त्याच पावलावर आदळायचे, हा त्यांचा रोजचा सराव होता. जकार्ताच्या स्पर्धेवेळी त्यांची दाढ दुखत होती. गालावर पट्टी चिकटवून त्या खेळल्या. २९ ऑगस्टला, सातव्या प्रकाराअखेर, त्यांचे गुण ६०२६ झाले. आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. विजयानंतर त्यांनी आपल्या पायांना बसतील अशा बुटांची गरज बोलून दाखवली, आणि मग तसे बूट बनवून देण्यात आले. सुवर्णपदकाआधी ते का मिळाले नाहीत, हा प्रश्न कोणत्याही दिनविशेषात लिहिलेला नसतो.

त्याच दिवशी अर्पिंदरसिंग यांनी तिहेरी उडीत १६.७७ मीटर उडी घेऊन सुवर्णपदक मिळवले. या प्रकारात भारताला आशियाई सुवर्णपदक ४८ वर्षांनी मिळाले.

एक पदक ते एकोणीस पदके

आता फळ्यावरच्या २०१२ आणि २०२१ या दोन ओळी एकत्र वाचू. पॅरालिंपिक ही अपंगत्व असलेल्या खेळाडूंची जागतिक स्पर्धा. २९ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनमध्ये तिचे उद्घाटन झाले, तेव्हा भारतात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. त्या स्पर्धेत भारताला एकच पदक मिळाले : उंच उडीत कर्नाटकचे गिरीश एन. गौडा यांचे रौप्यपदक.

नऊ वर्षांनी, करोना महासाथीमुळे एक वर्ष लांबलेली टोकियोची स्पर्धा सुरू होती. २९ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी टेबल टेनिसच्या अंतिम सामन्यासाठी भाविना पटेल चाकाच्या खुर्चीतून टेबलापाशी आल्या. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील सुंढिया हे त्यांचे गाव. त्या एक वर्षाच्या असताना त्यांना पोलिओ झाला. मोठेपणी संगणकाचे शिक्षण घेण्यासाठी त्या अहमदाबादच्या अंधजन मंडळात आल्या. तेथे काही जण टेबल टेनिस खेळताना त्यांनी पाहिले आणि त्याही खेळू लागल्या. रोजगारासाठी एखादे कौशल्य शिकावे म्हणून घर सोडलेल्या तरुणीला खेळ सापडला तो असा, वर्गाच्या वेळेबाहेर.

टोकियोत त्यांनी उपांत्यपूर्व सामन्यात सर्बियाच्या विद्यमान विजेतीला आणि उपांत्य सामन्यात चीनच्या झांग मियाओ यांना हरवले. अंतिम सामना चीनच्याच झोउ यिंग यांच्याशी होता. गटातील पहिल्या सामन्यात भाविना त्यांच्याकडून हरल्या होत्या. अंतिम सामनाही त्या ११-७, ११-५, ११-६ असा हरल्या. एकोणीस मिनिटांत सारे संपले. रौप्यपदकाची ओळ वाचताना शेवटचा सामना हरलेला असतो, हे पुष्कळदा विसरले जाते. टेबल टेनिसमध्ये पॅरालिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

त्याच दिवशी निषाद कुमार यांनी उंच उडीत २.०६ मीटर उडी घेऊन रौप्यपदक मिळवले. हिमाचल प्रदेशातील ऊना जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरी ते वाढले. आठ वर्षांचे असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडून त्यांचा उजवा हात गेला. उंच उडी ही पायांची समजली जाते. पण उडीपूर्वी दोन्ही हातांचा झोका शरीराला वर उचलतो आणि तोल सांभाळतो. एक हात नसताना धावण्याची लय आणि तोल नव्याने बसवावा लागतो. २०२४ मध्ये पॅरिसलाही त्यांनी रौप्यपदक मिळवले.

२९ ऑगस्ट २०२१ ला आणखी एक पदक जाहीर झाले होते, थाळीफेकीतील कांस्य. पॅरालिंपिकमध्ये अपंगत्वाच्या स्वरूपानुसार खेळाडूंचे वर्ग पाडले जातात. त्या खेळाडूच्या वर्गाबाबत हरकत आली, फेरतपासणी झाली आणि दुसऱ्या दिवशी तो त्या वर्गास अपात्र ठरला. घाईने त्या दिवशी 'तीन पदके' असे लिहिणाऱ्यांना ती ओळ पुसावी लागली. टोकियोत भारताची एकूण पदके १९ झाली, पॅरिसमध्ये २९.

महाराष्ट्रातही अशी एक तारीख आहे. १५ जानेवारी हा खाशाबा जाधव यांचा जन्मदिन राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल १९५२ मध्ये लोकांनी जमवलेल्या पैशांवर हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतले.

शब्दार्थ

आख्यायिका – परंपरेने सांगितली जाणारी, पुराव्याने सिद्ध न झालेली कथा
तफावत – फरक, अंतर
जिव्हारी लागणे – मनाला तीव्र दुःख होणे
बाणेदारपणे – स्वाभिमानाने, ठामपणे
ओढाताण – टंचाईमुळे होणारी कुचंबणा
निष्णात – अत्यंत कुशल
मरणोत्तर – मृत्यूनंतर दिलेला

भाषाभ्यास

पुढील दोन वाक्ये वाचा.

(१) ध्यानचंद यांनी १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये १४ गोल केले.
(२) चांदण्यात सराव केल्यामुळे त्यांना 'चंद' म्हणू लागले, असे सांगितले जाते.

पहिल्या वाक्यात लिहिणारा विधानाची जबाबदारी स्वतः घेतो. दुसऱ्या वाक्यातील 'असे सांगितले जाते' या शब्दांमुळे ती माहिती ऐकीव आहे हे वाचकाला कळते. सांगणारा कोण, हे मात्र वाक्यात येत नाही. 'अशी आख्यायिका आहे', 'असे मानतात', 'असे म्हणतात' या शब्दयोजना याच कामी येतात. दिनविशेषातील ओळ बहुधा नामावर संपते : 'यांचा जन्म', 'यांना सुवर्णपदक', 'चे उद्घाटन'. क्रियापद गाळल्याने जागा वाचते.

पाठान्त प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) १८८२ मध्ये इंग्लंडला विजयासाठी ______ धावा हव्या होत्या.
(आ) १९३६ च्या संपूर्ण स्पर्धेत भारतावर ______ गोल झाला.
(इ) हेप्टॅथलॉनमधील शेवटचा प्रकार ______ हा असतो.

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) २४-१ हा आकडा वाचताना कोणती गोष्ट ध्यानात ठेवावी, असे पाठात म्हटले आहे?
(आ) ध्यानचंद यांच्याविषयीच्या आख्यायिका टाकून देऊ नयेत, असे का म्हटले आहे?
(इ) स्वप्ना बर्मन यांच्या बुटांच्या उल्लेखातून पाठ कोणता प्रश्न उपस्थित करतो?

३. 'समारंभाने साजरी झालेली तारीख आणि मैदानावर कमावलेली तारीख' या शब्दांचा अर्थ पाठातील उदाहरणे देऊन दहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्ये दिनविशेषाच्या भाषेत लिहा.
(अ) भाविना पटेल यांनी २०२१ मध्ये टोकियो येथे रौप्यपदक मिळवले.
(आ) १९७९ मध्ये ध्यानचंद दिल्ली येथे मरण पावले.

उपक्रम

तुमच्या गावात, वस्तीत किंवा कामाच्या ठिकाणी कधीकाळी खेळलेली एखादी व्यक्ती शोधा. कुस्ती, कबड्डी, खो-खो, हॉकी, फुटबॉल, कोणताही खेळ चालेल. त्या व्यक्तीला किंवा तिच्या घरच्यांना भेटून एक महत्त्वाची तारीख विचारा. तारखेचा लेखी पुरावा (प्रमाणपत्र, छायाचित्र, वर्तमानपत्राचे कात्रण) मिळतो का ते पाहा. नंतर एका ओळीचे दिनविशेष आणि त्यामागची हकिकत वीस ओळींत लिहा. पुरावा न मिळालेल्या भागाला योग्य शब्दयोजना वापरा.

उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (अ) वडिलांच्या सततच्या बदल्या. (आ) निघताना तीनच माणसे होती. परतताना मोठी गर्दी होती.
पाठगत प्रश्न २ : (अ) पावसाने मैदान भिजले होते. (आ) बहुतेक सन्मान ध्यानचंद यांच्या निधनानंतर मिळाले.
पाठान्त प्रश्न १ : (अ) ८५ (आ) एकच (इ) ८०० मीटर धावणे
पाठान्त प्रश्न ४ : (अ) २०२१ : टोकियो येथे भाविना पटेल यांना रौप्यपदक. (आ) १९७९ : ध्यानचंद यांचे दिल्ली येथे निधन.